एकाच सुतळीचे दोन गठ्ठे

रद्दीच्या दुकानासमोर टेम्पो उभा होता आणि त्यातून एका घरातला सगळा कागद उतरत होता. घरातले आजोबा गेलेले, फ्लॅट विकलेला, ताबा द्यायची तारीख जवळ आलेली. पहिला गठ्ठा दिवाळी अंकांचा निघाला. सालवार लावलेले अंक, प्रत्येकाला खाकी कागदाचं कव्हर, कव्हरवर शाईनं नाव आणि साल. सगळ्यात वर एक लांबट, रेघी वही. कुठला अंक, कुठून घेतला, किती रुपयांना, कुणाला वाचायला दिला, परत कधी आला, सगळं तिच्यात. दुसरा गठ्ठा सोडला तर आत विजेची बिलं, लग्नपत्रिका, औषधांची चपटी केलेली खोकी, बँकेची रिकामी पाकिटं, साड्यांच्या दुकानांच्या पिशव्या, धुऊन वाळवलेल्या दुधाच्या पिशव्या. सुतळी दोन्ही गठ्ठ्यांना एकच, आणि गाठही त्याच हाताची, दुहेरी फास घालून टोक आत खोचलेली. दुकानदारानं वही उचलली, तिचा पुठ्ठा टरकन फाडून पुठ्ठ्यांच्या ढिगावर टाकला, कारण पुठ्ठ्याचा भाव वेगळा, आणि आतली पानं पांढऱ्या कागदात फेकली.

ती वही मनातून जात नाही. हळहळ तर आहेच, पण त्याहून जास्त छळतो तो दुसरा गठ्ठा. ज्या हातानं इतकी काटेकोर नोंद ठेवली, त्याच हातानं दुधाच्या पिशव्याही तेवढ्याच निगुतीनं बांधल्या. त्या घरात कुठल्या तरी वर्षी वहीत लिहिणं थांबलं असणार.

गठ्ठे बांधणं मात्र चालू राहिलं.

संग्रह कुठला आणि नुसती साठवण कुठली, याची तीन उत्तरं लोक पटकन देतात. फार झालं की रोग, किमती असलं की संग्रह, नीटनेटकं असलं की छंद. तिन्ही मला अपुरी वाटतात. पुण्यातलं राजा दिनकर केळकर वस्तुसंग्रहालय पाहा. दिनकर गंगाधर केळकरांनी आयुष्यभरात जमवलेल्या वस्तू वीस हजारांच्या घरात जातात. त्यातल्या कितीतरी अशा, की त्या काळी घरोघरी मोडीत निघत होत्या: अडकित्ते, दिवे, फण्या, दौती, कुलपं, पाय घासायच्या वज्र्या. पितळेच्या भावानं वजनावर गेल्या असत्या. चष्म्यांचं दुकान चालवणारा, ‘अज्ञातवासी’ या नावानं कविता लिहिणारा हा माणूस जुन्या दारांसाठी आणि गंजलेल्या कुलपांसाठी गावोगाव फिरतो, हे शेजाऱ्यापाजाऱ्यांना वेड वाटलं असेल तर नवल नाही. लहानपणीच गेलेल्या मुलाचं, राजाचं, नाव त्यांनी त्या संग्रहाला दिलं आणि पुढे सगळा संग्रह शासनाच्या हवाली केला. म्हणजे संख्या प्रचंड, बाजारभाव नगण्य, मुळाशी दुःख. वरच्या तिन्ही कसोट्या लावल्या तर केळकरांचं घर संशयितच ठरलं असतं. तरीही त्या अडकित्त्यांसमोर उभं राहिलं की शंका उरत नाही. एकही अडकित्ता दुसऱ्यासारखा नाही. आपल्याकडे आहे त्याच घडणीचा पुन्हा दिसला तर तो घ्यायचा नाही, हे बघणाऱ्या डोळ्याला कळत होतं.

माझ्या मते गाभा तिथे आहे. संग्रह नाही म्हणू शकतो. आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे संग्राहकाला आपल्याकडे काय नाही ते पाठ असतं. तिकिटं जमवणाऱ्या कुणालाही १५ ऑगस्ट १९४८च्या गांधीजींच्या संचाबद्दल विचारा. चार तिकिटं, दीड आणा, साडेतीन आणे, बारा आणे आणि दहा रुपये, छापली स्वित्झर्लंडमध्ये कुर्व्हाझिएच्या छापखान्यात. पहिली तीन सहज मिळतात. दहा रुपयांचं मिळता मिळत नाही, आणि मिळालं तर ते खरं आहे का याची धास्ती. अल्बममध्ये त्या चौथ्या तिकिटाची चौकट आखून रिकामी ठेवलेली असते. तिकडे बघत माणूस वर्षानुवर्षं खूश राहू शकतो. दिवाळी अंक जमवणाऱ्यांचंही तसंच. ‘मनोरंजन’नं १९०९ साली पहिला दिवाळी अंक काढला, तिथून सुरुवात धरायची की स्वातंत्र्यानंतरचेच घ्यायचे, मुखपृष्ठ फाटलेला चालेल की नाही, जाहिरातींची पानं शाबूत हवीत की नकोत, हे आधी ठरवावं लागतं. (जाहिरातींची पानं शाबूत हवीतच, असं माझं ठाम मत आहे. कथा पुढे पुस्तकात येतात. साबणाची आणि केशतेलाची जाहिरात परत कुठे येत नाही.) एकदा ठरलं की नव्वद टक्के अंक हातात घेऊन परत खाली ठेवता येतात. साठवणाऱ्याकडे अशी रिकामी चौकट कुठेच नसते. त्याच्याकडे काही कमी आहे असं त्याला सांगता येत नाही आणि म्हणूनच काही जास्त आहे हेही सांगता येत नाही.

तिकिटं सोडवण्याचं साधं काम घेतलं तरी त्यात नाकारणं किती मुरलेलं असतं ते दिसतं. पाकिटाचा कोपरा तिकिटाभोवती एक सेंटिमीटर कागद ठेवून कापायचा. रंगीत पाकिटांचे तुकडे वेगळे काढायचे, नाहीतर लाल-पिवळा रंग सुटून सगळा घाणा बिघडतो. पसरट भांड्यात कोमट पाणी, पंधरा-वीस मिनिटं. डिंक सुटला की तिकीट आपोआप घसरून येतं, ओढायचं नाही. मग टीपकागदावर छापील बाजू खाली करून ठेवायचं, म्हणजे उरलासुरला डिंक चिकटत नाही, आणि पुरतं सुकलं की जाड पुस्तकाखाली दाबायचं. खरं काम यानंतरचं. चिमट्यात धरून उजेडासमोर बघायचं, कागद कुठे पातळ झालाय का, कडेचे दातरे सगळे आहेत का, शिक्क्यानं चेहरा झाकलाय का. एवढी मेहनत घेऊन सोडवलेली बरीचशी तिकिटं इथे बाद होतात. बाद झालेली वेगळ्या पाकिटात जातात आणि ते पाकीट एखाद्या नव्यानं छंद लागलेल्या मुलाला देऊन टाकतात. हे देऊन टाकणं जमलं नाही तर अल्बम पुढे सरकतच नाही.

आणि मग सांभाळणं. जमवण्यातली नशा सगळे सांगतात, सांभाळण्यातली मजुरी फारसं कुणी सांगत नाही. आपल्याकडे कागदाचा पहिला शत्रू पावसाळा. कागदाला हवेतली आर्द्रता ४५ ते ५५ टक्के लागते. कोकणात आणि मुंबईत जुलैमध्ये ती ८०-९०वर असते, आणि ६५-७०च्या पुढे बुरशी धरायला सुरुवात होते. आधी वास येतो, मग पानांच्या कडेनं तपकिरी ठिपके. लोखंडी कपाटात हवा कोंडते, बाहेरच्या भिंतीला टेकवलेल्या लाकडी कपाटात ओल उतरते. त्यामुळे कपाट भिंतीपासून चार बोटं लांब आणि खालचा कप्पा जमिनीपासून वीतभर वर हवा. सिलिका जेलच्या पुड्या ठेवतात, पण ठेवून विसरतात. रंग बदलला की तिची ओल धरायची ताकद संपलेली असते. निळीची गुलाबी होते, केशरीची हिरवी. त्यातल्या निळीत कोबाल्टचा क्षार असतो, म्हणून केशरी घ्यावी. रंग बदलला की ओव्हनमध्ये शंभर ते एकशेवीस अंशांवर दोनेक तास तापवून पुन्हा वापरायची. डांबरगोळ्या नकोत. त्यांची वाफ माणसाच्या छातीला वाईट आणि प्लॅस्टिकच्या पाकिटांनाही वाईट. जुन्या घरांत पोथ्यांच्या रुमालात वेखंडाची पुरचुंडी असे, ती आजही ठेवायला हरकत नाही, पण तिच्यावर भिस्त ठेवून कपाट वर्षभर बंद ठेवलं तर कसर लागणारच.

कसर कागदापेक्षा खळीवर जगते. म्हणून ती आधी बांधणीच्या कण्यावर आणि गुळगुळीत मुखपृष्ठावर चरते. किडीची शंका आली तर तो अंक प्लॅस्टिकच्या पिशवीत हवाबंद करून घरच्या फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवायचा. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडायची नाही, एक पूर्ण दिवस तशीच ठेवायची. नाहीतर थंड कागदावर दंव जमतं आणि कीड मेली तरी बुरशी येते. बाकीची हानी आपणच करतो. टाचण्या आणि स्टेपलरच्या पिना गंजून कागदाला भोक पाडतात. रबरबँड वितळून चिकटतं. सेलोटेप दहा-पंधरा वर्षांत पिवळी पडते, सुटून येते आणि कागदात मधासारखा डाग कायमचा सोडून जाते. पीव्हीसीची पाकिटं नाणी हिरवट चिकट करतात आणि छपाईची शाई ओढून घेतात. पॉलिप्रोपिलीन किंवा पॉलिस्टर घ्यावं. चिकट पानांचे फोटो-अल्बम आणि लॅमिनेशन या दोन गोष्टींनी घरगुती संग्रहांचं जेवढं वाटोळं केलं तेवढं वाळवीनंही क्वचितच केलं असेल, कारण वाळवी लागलेली पानं तरी वेगळी करता येतात.

एवढी सेवा एका माणसाच्या हातून किती कागदांची होईल?

हिशोब सोपा आहे. दिवाळी अंक साधारण एक सेंटिमीटर जाडीचा. पाचशे अंकांना पाच-सहा मीटर फळी, म्हणजे एक उभं कपाट. वर्षातून दोनदा, मेमध्ये पावसाआधी आणि ऑक्टोबरच्या उन्हात, प्रत्येक अंक काढायचा, झटकायचा, चाळायचा, परत लावायचा. अंकाला दोन मिनिटं धरली तर सतरा तास. म्हणजे दोन-तीन रविवार, होण्यासारखं काम. पाच हजार अंकांना एकशेसत्तर तास, तेही वर्षातून दोनदा. एवढ्याला माणसं लागतात, जागा लागते, संस्था लागते. घरातल्या संग्रहाची मर्यादा अशी हातांवरून ठरते, भिंतींवरून नाही. ज्या दिवशी वर्षातून एकदाही हात न लागणारा कागद घरात राहू लागतो, त्या दिवसापासून तो कागद संग्रहातून निघालेला असतो, भले तो कितीही दुर्मीळ असो.

न हाताळलेला कागद काय करतो? वजन करतो. सोळा पानी वर्तमानपत्र सत्तर ग्रॅमच्या आसपास भरतं. वर्षाचे पंचवीस किलो. ‘त्यातली कात्रणं काढायची आहेत’ म्हणून वीस वर्षं ठेवलं तर अर्धा टन, एकाच पेपरचा. घट्ट रचलेला एक मीटर लांब, एक मीटर रुंद आणि छातीपर्यंत उंच ढीग सुमारे सहाशे किलोंचा होतो. आपल्या राहत्या घरांच्या स्लॅबची रचना भारतीय मानकानुसार दर चौरस मीटरला दोन किलोन्यूटन, म्हणजे ढोबळमानानं दोनशे किलो भार धरून केलेली असते. ग्रंथालयाच्या कोठारासाठी तेच मानक किमान तिप्पट भार धरायला सांगतं. एका ढिगानं स्लॅब कोसळत नाही, भार आजूबाजूला वाटला जातो. पण खोलीभर ढीग असले, इमारत पन्नास वर्षांची असली आणि स्लॅबमधल्या सळया गंजलेल्या असल्या, तर खालच्या घराच्या छताला तडे जातात. आग लागली तर घट्ट रचलेला कागद तासन्‌तास धुमसतो, वरून विझलेला दिसतो आणि आतून पुन्हा पेटतो. विझवण्यासाठी मारलेलं पाणी तो शोषून घेतो आणि त्याचं वजन आणखी वाढतं.

न्यूयॉर्कमधल्या कोलियर बंधूंची हकिगत बरेच जण एखाद्या विचित्र बातमीसारखी सांगतात. मला ती तशी सांगवत नाही. हार्लेममध्ये, फिफ्थ अव्हेन्यूवर १२८व्या रस्त्याच्या कोपऱ्याला त्यांचं घर. थोरला होमर आंधळा झाला, पुढे अंथरुणाला खिळला. धाकटा लँगली त्याची सेवा करायचा. होमरची दृष्टी परत येईल आणि मग त्याला राहिलेल्या सगळ्या बातम्या वाचायच्या असतील, म्हणून लँगलीनं रोजची वर्तमानपत्रं ठेवायला सुरुवात केली. ढिगांमधून बोगदे झाले. कुणी चोर शिरलाच तर ढीग त्याच्या अंगावर कोसळावेत असे सापळे त्यानं लावले. २१ मार्च १९४७ला पोलीस आत शिरले तेव्हा होमर मृतावस्थेत सापडला. लँगलीचा शोध शहरभर झाला, आणि ८ एप्रिलला तो त्याच घरात, भावापासून दहाएक फुटांवर मिळाला. होमरसाठी जेवण घेऊन जाताना आपल्याच सापळ्याखाली गाडला गेलेला. घरातून शंभर टनांहून अधिक सामान निघालं, त्यात चौदा पियानो. मला राहून राहून त्या वर्तमानपत्रांचं कारण आठवतं. ते वेडगळ नव्हतं, त्यात माया होती. फक्त होमर एका दिवसात किती वाचू शकेल याचा हिशोब त्यात नव्हता.

वैद्यकशास्त्रानं या अवस्थेकडे स्वतंत्रपणे बघायला उशीर केला. फार काळ तिला मंत्रचळेपणाचंच (ओसीडीचं) एक लक्षण मानत. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या निदानपुस्तिकेत साठवणुकीचा विकार २०१३ साली वेगळा नोंदला गेला, जागतिक आरोग्य संघटनेच्या अकराव्या वर्गीकरणातही तो आहे. निदानाच्या अटी नेमक्या आहेत: वस्तूची किंमत काहीही असो, ती टाकून देणं सतत अवघड जातं, टाकण्याच्या कल्पनेनंच जीव कासावीस होतो, आणि राहत्या जागा इतक्या भरतात की त्यांचा मूळ उपयोग होत नाही. तिसरी अट मला सगळ्यात उपयोगाची वाटते, कारण ती बाहेरून बघता येते. पलंगावर झोपता येतं का? ओट्यावर पोळी लाटता येते का? न्हाणीघरात बादली ठेवायला जागा आहे का? दार पूर्ण उघडतं का? तज्ज्ञ एक छायाचित्रांची मालिका वापरतात, बैठकीची खोली, स्वयंपाकघर आणि झोपायची खोली, प्रत्येकीची वाढत्या पसाऱ्याची नऊ चित्रं. आपली खोली कुठल्या चित्रासारखी दिसते एवढंच विचारायचं. चौथ्यापासून पुढचं उत्तर आलं तर मदत लागेल असं समजतात. सुरुवात बहुधा अकरा ते पंधरा वयातच होते, पण तेव्हा घर आईच्या हातात असतं म्हणून ती दिसत नाही. दर दहा वर्षांनी ती वाढत जाते आणि उतारवयात, घरात विचारणारं कुणी उरत नाही तेव्हा, उघडी पडते.

आणि आतून काय चालतं? आळस नाही, गबाळेपणाही नाही. या माणसांना प्रत्येक वस्तू वेगळी दिसते. आपण दहा बिलांचा एक गट करतो. त्यांना दहा बिलं दहा वेगवेगळ्या प्रसंगांची वाटतात, आणि दहा निर्णय घ्यावे लागतात. निर्णय चुकेल ही भीती एवढी मोठी, की निर्णय पुढे ढकलायचा, म्हणजे वस्तू तूर्तास वर ठेवायची. स्वतःच्या स्मरणशक्तीवर विश्वास नसतो, म्हणून कपाटात आत ठेवलं की हरवलं असं वाटतं. सगळं नजरेसमोर हवं, आणि नजरेसमोरची जागा म्हणजे ढिगाचा माथा. ‘ते बिल त्या खुर्चीवर, डावीकडे, मधोमध’ असं ते सांगतात आणि बऱ्याचदा तिथे ते असतंही. आपण ढीग आवरला की त्यांचा हा नकाशाच जातो. मग ते चिडतात, रडतात, आणि आपण म्हणतो, एका कागदासाठी एवढं?

अभाव सोसलेल्या पिढीला ही खोड लागते असं आपल्याकडे सर्रास म्हणतात. बहात्तरच्या दुष्काळातली सुकडी, रेशनची रांग, मिलोच्या भाकरी. त्या पिढीला काही टाकवत नाही, हे खरं. पण संशोधकांना गरिबीचा आणि या विकाराचा थेट संबंध सापडलेला नाही. मोठ्या आघातांचा, जिवाभावाचं माणूस जाण्याचा, जास्त सापडतो. आणि मला त्या पिढीच्या काटकसरीचा अपमान करवत नाही. तिच्या घरात ठेवण्याइतक्याच बाहेर जाण्याच्या वाटाही होत्या. पाठकोरे कागद जमा व्हायचे आणि वाण्याची यादी, धोब्याचा हिशोब, मुलांची गणितं यात संपायचे. जुन्या लुगड्याची गोधडी व्हायची, गोधडी फाटली की पोतेरं व्हायचं. कपडे देऊन बोहारणीकडून पातेलं यायचं. पेपर महिन्याच्या महिन्याला रद्दीत जायचा, त्या पैशांत घरात काहीतरी यायचं. घरात मुळात येतच थोडं होतं. आता एका औषधामागे खोकं, पत्रक आणि पिशवी येते; ऑनलाइन मागवलेल्या चमच्याला बुटाच्या आकाराचा डबा येतो. बोहारीण सोसायटीच्या फाटकातून आत येत नाही, गोधडी शिवणारे हात नाहीत, पाठकोऱ्यावर लिहिणारं कुणी नाही. सवय तीच राहिली आणि वाटा बुजल्या. दुधाच्या पिशव्या धुऊन वाळवणं हे एके काळी शहाणपणच होतं, कारण त्या परत कुठेतरी जात होत्या.

मग वाटतं, ज्यांनी नुसतंच ठेवलं त्यांचं ऋण आपल्यावर नाही का? वि. का. राजवाडे गावोगाव पायपीट करत वाड्यांच्या माळ्यांवरून मोडी कागद खाली काढत होते, तेव्हा ते कागद त्या घरांनी काही इतिहास म्हणून ठेवलेले नव्हते. वतन, इनाम, वाटण्या यांचे पुरावे म्हणून आधी ठेवले. १८५२च्या कायद्यानंतर इंग्रज सरकारच्या इनाम कमिशननं दारोदार सनदा मागितल्या तेव्हा ते कामालाही आले. पुढे मोडी वाचणारे कमी झाले, कागदांची अडगळ झाली, आणि कितीतरी वाण्याच्या पुड्यांत गेले. उरलेल्यांतून राजवाड्यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ छापायला घेतली, पहिला खंड १८९८चा, असे बावीस खंड, आणि १९१०मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभं केलं. सगळ्यांनी शहाण्यासारखा माळा आवरला असता तर आज हे नसतं. हा विचार मला कायम अडवतो, आणि त्याला माझ्याकडे पुरतं उत्तर नाही. एवढं दिसतं, की ते कागद टिकले याला ठेवणाऱ्यांच्या इच्छेइतकंच इतरही काही कारण होतं. कागद जुन्नरी, दौलताबादी. चिंध्या आणि तागाच्या लगद्याचा, खळ देऊन दगडानं घोटलेला. शाई काजळाची, कागद न जाळणारी. वर कापडी रुमाल, आत विषयवार जुड्या. १९५०-६०च्या वर्तमानपत्राच्या कागदात लाकडाचा लगदा, त्यातलं लिग्निन आणि आम्ल. तो उन्हात ठेवला तर काही दिवसांत पिवळा होतो आणि अंधारात ठेवला तरी काही दशकांत घडीवर तुटतो. राजवाड्यांच्या नशिबी आलेला माळा वीस वर्षांच्या पेपरच्या ढिगातून तयार होणार नाही, तो ढीग त्याआधीच भुगा होईल. शिवाय त्यातला बहुतेक मजकूर एखाद्या ग्रंथालयात असतोच. नसते ती घरातली पत्रं, हिशोबाच्या वह्या, मागच्या बाजूला नावं लिहिलेले फोटो. म्हणजे ढिगात टाकाऊ काय आणि अनमोल काय हे ठरवायला कुणीतरी बसावंच लागतं.

बसायचं असेल आणि तो माणूस हयात असेल, तर त्याच्याशिवाय बसू नये. तो गावाला गेल्यावर ट्रक बोलावून घर रिकामं करणं हा सगळ्यात वाईट मार्ग. घर पुन्हा भरतं, आणि माणूस पुन्हा दार उघडत नाही. आधी आवक थांबवावी: दोनपैकी एक पेपर बंद, फुकट मिळणाऱ्या वस्तूंना नकार. मग जिवाला धोका असेल तिथून सुरुवात, शेगडीभोवती, विजेच्या बोर्डासमोर, दारापासून पलंगापर्यंतची वाट. एका वेळी एकच जात, आज फक्त बिलं, उद्या फक्त पिशव्या, आणि अर्ध्या तासाहून जास्त नाही. प्रत्येक वस्तूवर शेवटचा शब्द त्याचा. ‘हे कशाला हवंय’ असं विचारलं की तो कारणं देऊ लागतो, आणि दिलेलं प्रत्येक कारण त्याला आणखी पटत जातं. त्याऐवजी ‘हे कुठे ठेवायचं’ विचारावं. जागा सुचली नाही तर तो स्वतःच थांबतो. घुसमट फार असेल तर मानसोपचारतज्ज्ञाकडे न्यावं. या विकारासाठी बांधलेली वर्तनोपचाराची पद्धत आहे, आणि तिच्यात घरी बसून वस्तू निवडण्याचा सराव हाच मोठा भाग असतो.

माणूस गेलेला असेल आणि ताबा द्यायची तारीख गळ्याशी आलेली असेल, तरी दोन दिवस काढता येतात. आधी वही शोधावी. वही, रजिस्टर, खोक्याच्या झाकणावर आतून चिकटवलेली यादी, काहीही. ती सापडली तर ती ज्या वस्तूंची आहे त्यांच्यासोबतच बांधावी, दोन्ही एकत्र असली तरच ग्रंथालय किंवा जाणकार संग्राहक तिकडे वळून बघतो. छापील वर्तमानपत्रं, बिलं, पत्रिका, खोकी खुशाल रद्दीत द्यावीत, फक्त मधेच एखादं पत्र किंवा नोट खोचलेली नाही ना हे गठ्ठा फडफडवून बघावं. हस्तलिखित काहीही असेल तर बाजूला. मोडी असेल तर रुमाल सोडूसुद्धा नये. जुड्या ज्या क्रमानं आहेत त्या क्रमानंच राहू द्याव्यात, ओले वाटले तर सावलीत पंख्याखाली ठेवावेत, उन्हात नाही, आणि जवळच्या इतिहास संशोधन संस्थेला फोन करावा. कुठल्या कागदाखाली कुठला कागद होता यावरून वाचणाऱ्याला बरंच काही कळतं, आणि तो क्रम एकदा मोडला की पुन्हा लावता येत नाही.